पिवळ्या पिशवीचं निमित्त

झाशी,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. जयदीपराव यांस अलकनंदामावशीचे अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नका. स्वरदा ठीक आहे. वाईट काही असतं तर फोन केला असता. यापुढे फोन तातडीसाठी ठेवू या आणि बाकीचं पत्रात लिहू, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. तुम्ही फोनवर "हो मावशी, बरं मावशी, ठेवू का मावशी" यापलीकडे जात नाही. आणि तुमचा फोन आला की शाल्मली कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत जाते, कुकर लावलेला नसला तरी. माझी बहीण गेल्यापासून शाल्मलीची आई मीच. तेव्हा जावयाला चार शब्द सुनवायचा हक्कही माझाच. आमचं घराणं मराठी मुलखातून झाशीत आलं तेच कारकुनी करायला. कागद काळे करणं आमच्या रक्तात आहे.

परवा तुम्ही सातव्यांदा प्लेटलेट्स देऊन गेलात. तुम्ही वॉर्डातून बाहेर पडलात तेव्हा स्वरदा खिडकीशी उभी होती. तुमची ऑटो फाटकाबाहेर गेली तरी उभीच. मी म्हटलं, "चल, दूध पी." तर म्हणते, "मावशीआजी, अगली बार कब गिरेगा?" मी म्हटलं, काय गिरेगा? तर "कुछ नहीं" म्हणून बेडवर जाऊन बसली. नऊ वर्षांची पोर, पण या दीड वर्षाच्या कॅन्सरने तिला आजीबाई करून टाकलंय.

आता लिहायला बसले त्याचं कारण. आमच्या लॅबमध्ये रक्त मोजायचं नवं मशीन आलंय. मी येत्या जूनमध्ये रिटायर होणार, आणि या वयात नव्या सुनेचे नखरे शिकतेय. तुम्ही ट्रान्सफॉर्मरवाले, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. केमोने हाडांमधली मज्जा झोपते, नव्या प्लेटलेट्स बनत नाहीत, आकडा दहा हजारांच्या, आमच्या बोलण्यात नुसत्या दहाच्या, आसपास आला की रक्तस्रावाच्या भीतीने बाहेरून चढवायच्या, हे तुम्हाला पाठ आहे. आजवर आम्ही फक्त किती उरल्या ते मोजत होतो. हे मशीन त्यातल्या कोवळ्या किती तेही सांगतं. कोवळ्या म्हणजे आज-कालच मज्जेतून बाहेर आलेल्या. आकडा कमी आणि कोवळ्याही कमी, तर मज्जा अजून झोपलेली. आकडा कमी पण कोवळ्यांचा टक्का चढतोय, तर मज्जा जागी झाली. मूल ठणठणीत दिसत असेल तर एक-दोन दिवस वाट पाहता येते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात ना? इतकी वर्षं आम्ही पोहराच बघत होतो. आता आडात डोकावता येतंय.

डॉ. कौशिक मात्र सावध माणूस. म्हणाले, "मौसीजी, अभी सिर्फ़ लिखिए। भरोसा बाद में करेंगे।" म्हणून मी वही घातलीय. वॉर्डातल्या प्रत्येक मुलाचा आकडा, कोवळ्यांचा टक्का, आणि पुढे दोन दिवसांत काय झालं ते.

जेवत जा. मागच्या खेपेला शर्ट अंगावर लोंबत होता.

तुमची,
अलकनंदामावशी

साइट, जि. सोनभद्र
२९ नोव्हेंबर २०२४

ती. मावशींना साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. साइटवर मला आजवर एकच पत्र आलं होतं, तेही विम्याचं. त्यामुळे आमच्या गेटवरच्या माणसाने ते हातात देताना "सब ख़ैरियत?" असं विचारलं. मी तिथेच उभ्याने वाचलं आणि संध्याकाळी खोलीवर पुन्हा एकदा.

फोनचं तुम्ही म्हणता ते खरंय. शाल्मली आणि मी फोनवर बोलून बोलूनच इथवर आलो. प्रमोशन घेऊन मी या साइटवर आलो, तिने शाळेतली नोकरी सोडून यायला नकार दिला. कोण चूक ते रोज रात्री अर्धा तास ठरवायचो. मग स्वरदाचा आजार निघाला, आणि भांडणही बंद झालं. आता तिचा फक्त मेसेज येतो. "आकडा नऊ. येशील का?" मी येतो.

मावशी, तुम्हाला म्हणून सांगतो, त्या मेसेजची मी वाट बघतो. असं लिहायलाही लाज वाटते. आपल्या पोरीचा आकडा पडावा असं कुठल्या बापाला वाटेल? मला तसं वाटत नाही. पण तो पडला की मला यायला मिळतं. दीड तास त्या प्लेटलेट्स काढायच्या मशीनला हात लावून बसायचं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी ती पिवळी पिशवी थेंबथेंब उतरताना बघायची. मी दोन वर्षांत तिच्यासाठी दुसरं काहीच केलं नाही. तिला एकदा सांगितलं, "ही माझी बरं का." तर तिने पिशवीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "गरम नाहीये." त्या पिशवीचा फोटो माझ्या मोबाइलवर आहे. साइटवरचे लोक मुलांचे वाढदिवसाचे फोटो दाखवतात, मी कुणाला काय दाखवू?

तुमची आड-पोहऱ्याची गोष्ट नीट कळली. आमच्या ट्रान्सफॉर्मरमध्येही नुसतं तेल किती ते बघून भागत नाही, ते कसं आहे तेही तपासावं लागतं. कोवळ्यांचं मला कळवत राहा.

शर्ट नवा घेतला आहे.

आपला,
जयदीप

झाशी,
१६ डिसेंबर २०२४

चि. जयदीपराव यांस आशीर्वाद.

तुम्ही शनिवारी परत गेलात आणि रविवारी स्वरदाने मला सगळी हकिकत सांगितली, जशी काही मी तिथे नव्हतेच. बाबाने संत्रं सोलून दिलं. बाबाने डोक्यावरून हात फिरवला, केस नसलेल्या डोक्यावरून, "तरी त्याला चालतं". बाबाच्या हाताला बँडेज होतं. हे शेवटचं फार अभिमानाने.

एक गोष्ट लिहून ठेवते, मनाला लागली म्हणून. त्या दिवशी आकडा नऊ आला, कोवळ्या दोनच टक्के. वही सांगत होती की मज्जा झोपलेली आहे. कोणी काही बोलायच्या आत स्वरदा मला विचारते, "कितना आया?"

"नऊ."

"दस से कम?"

"हो गं बाळा."

"पक्का?"

मी हो म्हटल्यावर तिने माझ्या कमरेला मिठी मारली. किती समजूतदार पोर! मोठी माणसं आकडा ऐकून गळाठतात आणि ही मला धीर देते. मी लॅबमध्ये येऊन चष्मा पुसला.

शाल्मलीबद्दल तुम्ही विचारणार नाही आणि मी सांगणार नाही, असं आपलं चाललंय. तरी सांगते. तुम्ही प्लेटलेट्स देऊन आलात त्या दिवशी घरून डब्यात तीन माणसांचं जेवण आलं होतं. मी तर उपास केला होता. तेव्हा तिसरा कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. "चुकून जास्त झालं" असं ती म्हणाली. पंधरा वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईचा भाजीचा हिशेब चुकतो म्हणायचा.

मावशी

साइट,
५ जानेवारी २०२५

ती. मावशींना सा. न.

भाजी मेथीची होती. मी संपवली.

पुढच्या औषधाची तारीख कळली. आकडा साधारण वीस जानेवारीच्या सुमाराला पडेल असा माझा अंदाज. एकोणीसचं तिकीट काढून ठेवलं आहे. रजेच्या अर्जावर आता कारणही लिहीत नाही, साहेबच भरतात. त्यांनी दुसराही एक कागद माझ्यापुढे ठेवला आहे. पाहू. त्याबद्दल नंतर कधीतरी.

स्वरदाला सांगा, इथे टेकडीवर मोर येतात. एक पीस ठेवलं आहे. वॉर्डात चालत नसेल तर खिडकीबाहेरून दाखवीन.

जयदीप

झाशी,
२७ जानेवारी २०२५

चि. जयदीपराव यांस अनेक आशीर्वाद.

शाल्मलीचा मेसेज मिळालाच असेल, पण मला सविस्तर लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. जयदीपराव, वही पास झाली!

एकोणीसला सकाळी आकडा अकरा. पूर्वीचा काळ असता तर लगेच प्लेटलेट्सची बॅग मागवली असती. पण कोवळ्या चार टक्क्यांवरून नऊवर आलेल्या. दुपारी पुन्हा पाहिलं, बारा टक्के. मी वही घेऊन थेट डॉ. कौशिकांच्या खोलीत. अडीच महिन्यांत एक्केचाळीस मुलांच्या नोंदी झाल्यात. टक्का असा चढलेल्या बहुतेकांचा आकडा दोन दिवसांत आपोआप वाढला. दोघांचा नाही वाढला, तेही लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. डॉक्टर स्वतः येऊन स्वरदाला पाहून गेले. ताप नाही, अंगावर लाल टिपके नाहीत, हिरड्या स्वच्छ. म्हणाले, "रुकते हैं। लेकिन हर चार घंटे में देखेंगे।" वीसला आकडा तेरा. बावीसला एकोणतीस! बाहेरची एकही पिशवी न लावता, तिच्या स्वतःच्या मज्जेने.

तुम्हाला कदाचित वाटेल, एक पिशवी वाचली त्यात एवढं काय? पण दर पिशवीमागे ताप, पुरळ यांचं भय असतं. वरचेवर चढवल्या तर पुढे शरीर परक्या प्लेटलेट्स ओळखून मारायला लागतं, आणि खऱ्या गरजेला त्या लागूच पडत नाहीत. शिवाय आपल्याकडे पिशव्या आहेत तरी किती? एरचहून, मऊरानीपुरहून माणसं पोरं घेऊन येतात आणि पिशवीसाठी दारात बसून राहतात.

मी स्वरदाला जाऊन सांगितलं, "आता बाबांना त्रास नाही द्यायचा! तुझी तुलाच पुरली! बाबांची गरजच नाही!" ती भिंतीकडे तोंड करून झोपली. थकली असेल. संक्रांतीचे तिळाचे दोन लाडू तिने डबीत ठेवलेत आणि कुणाला हात लावू देत नाही.

तिकिटाचे पैसे परत मिळाले ना?

मावशी

साइट,
६ फेब्रुवारी २०२५

ती. मावशींना सा. न.

तुमचं पत्र आनंदाचं आहे. मलाही आनंद झाला, अगदी मनापासून. स्वरदाची मज्जा जागी झाली याहून मला काय हवं?

तरी खोटं लिहिणार नाही. एकोणीसला मी बॅग भरून स्टँडवर उभा होतो. मोराचं पीस वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. शाल्मलीचा मेसेज आला, "बॅग लागणार नाही. तिकीट रद्द कर." पुढे काही नाही. मी खोलीवर परत आलो. शेजारच्याने विचारलं, "गए नहीं?" काय सांगणार? गरज सरो, वैद्य मरो.

त्या कागदाचं सांगतो. माझी झाशीच्या कारखान्यात बदली होऊ शकते. जागा आहे, साहेबांची शिफारस आहे, फक्त माझी सही हवी. दोन महिने तो माझ्या ड्रॉवरमध्ये पडला आहे. मी वाट बघत होतो की शाल्मली एकदा म्हणेल, ये. प्लेटलेट्सना नव्हे, मला. ती म्हणाली नाही. आता तर प्लेटलेट्सचंही निमित्त गेलं. कुणी बोलावल्याशिवाय दारात जाऊन उभं राहायचं, ते कोणत्या तोंडाने? आमच्या कऱ्हाडला न बोलावता जाणाऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक नसलेलंच बरं.

मशीन चांगलं आहे. माझ्याबद्दल मात्र त्यात काही दिसत नाही.

जयदीप

झाशी,
२४ फेब्रुवारी २०२५

जयदीपराव,

आज आशीर्वाद पत्राच्या शेवटी घ्या. आधी ऐकून घ्या. फोनवर हे सांगता आलं नसतं, मी रडले असते आणि तुम्ही "ठेवू का मावशी" म्हणाला असता.

गेल्या आठवड्यात पुन्हा आकडा पडला. अठराला तेरा होता. कोवळ्या अकरा टक्के आणि चढत्या. म्हणजे काळजी नाही, थांबायचं. एकोणीसला सकाळी सिस्टर सरला धावत आली. "मौसीजी, स्वरदा के मसूड़ों से ख़ून!" रक्त दिसलं की टक्क्याचं कौतुक बाजूला. आधी मूल, मग मशीन, हे डॉक्टरांनी आम्हाला घोटून घेतलंय. त्यांनी बॅग तयार ठेवायला सांगितली. शाल्मलीने तुम्हाला मेसेज करायला मोबाइल हातात घेतलेला.

आणि स्वरदा? ती केस नसलेलं डोकं पुसून, नवा फ्रॉक घालून बसली होती. ओठाला रक्त आणि फ्रॉकला इस्त्री.

छत्तीस वर्षं मी रक्त बघतेय. काहीतरी मला टोचलं. एकाच बाजूच्या हिरडीतून रक्त, आणि तेही खरचटल्यासारखं. मी तिचं अंथरूण नीट करायच्या निमित्ताने उशी उचलली. उशीखाली तिळाच्या लाडवांची डबी, आणि शाल्मलीचा कंगवे साफ करायचा जुना ब्रश. राठ, काळा. घरी गेली होती तेव्हा पिशवीत घालून आणलेला.

शाल्मलीला मी औषधाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं. स्वरदाच्या शेजारी बसले.

"हे काय गं?"

तिने लाडवांची डबी मांडीवर ओढून घेतली.

"दुखलं नाही?"

"थोड़ा सा."

"का केलंस?"

मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. तिची मराठी अशीच आहे, तुम्ही हसायचात त्या मराठीला. "मावशीआजी, तुझ्या मशीनने बाबाला येऊच दिलं नाही. वो बोलती है सब ठीक है. ठीक असलं की बाबा येत नाही ना? कम होतं तभी येतो. तर मी कम केलं."

जयदीपराव, नऊ आकडा ऐकून तिने मला मिठी मारली होती ती आठवतेय? मी तुम्हाला लिहिलं होतं, किती समजूतदार पोर. डोंबलाची समजूतदार! ती आनंदाने मिठी मारत होती. "अगली बार कब गिरेगा" हेही तेच. आणि मी मूर्ख बाई तिला हसत हसत सांगून आले, बाबांची गरजच नाही. एक्केचाळीस मुलांच्या नोंदी केल्या मी, आणि घरच्या पोरीची एक नोंद वाचता आली नाही.

बर्फाने आणि औषधाने रक्त थांबलं. ब्रशवरच्या घाणीचं भय म्हणून अँटिबायोटिक सुरू केलंय. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "बैग रोक दो। इसे प्लेटलेट की कमी नहीं है।" एकवीसला आकडा चौतीस झाला.

आता दुसरी गोष्ट. ही मी तुमच्यापासून दीड वर्ष लपवली, आणि रागवायचं तर खुशाल रागवा. तुमची एकही पिशवी स्वरदाला लागलेली नाही. जवळच्या नातेवाइकाच्या प्लेटलेट्स अशा मुलांना द्यायच्या टाळतात, त्यात वेगळा धोका असतो. तुमची पिशवी साठ्यात जायची आणि साठ्यातली दुसऱ्या कुणाची तरी स्वरदाला. फॉर्मवर हिंदीत लिहिलेलं आहे, तुम्ही सही केलीत. पहिल्या दिवशी सांगणार होते. पण तुम्ही त्या पिशवीकडे बघून तिला "ही माझी बरं का" म्हणालात, आणि ती हात लावून बघत होती. मग झाकली मूठ तशीच राहिली.

म्हणजे नीट ऐका. तुमच्या आठही पिशव्यांनी कुणा ना कुणाची पोरं तारली, त्यांची नावं मी सांगणार नाही आणि सांगायची नसतात. पण स्वरदाला तुमच्या प्लेटलेट्सचा एक थेंब गेलेला नाही. तुमच्याकडून तिला जे मिळालं ते संत्रं, आणि डोक्यावरून फिरलेला हात, आणि बँडेज. तेवढ्यासाठी पोरीने हिरडी फोडली. आणि तुम्ही तिकडे ड्रॉवरमध्ये कागद घालून, कुणी बोलावलं नाही म्हणून रुसून बसलात! ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तुमची जुनी खोड. शाल्मलीचंही तेच. ब्रशचं तिला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने तो ब्रश धुतला, पुसला आणि पर्समध्ये ठेवला. टाकून का दिला नाहीस विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. मलाही आठवायला हवं."

बोलावणं हवं होतं ना? हे घ्या. नऊ वर्षांच्या मुलीने रक्ताने पाठवलंय. याहून मोठं बोलावणं कुणाला येतं मला माहीत नाही.

आशीर्वाद.
मावशी

साइट,
५ मार्च २०२५

ती. मावशींना साष्टांग नमस्कार.

तीनदा लिहायला बसलो, फाडून टाकलं.

पिशवीबद्दल तुमच्यावर राग नाही. मी इथे ट्रान्सफॉर्मरवरच्या प्रत्येक पाटीचा नंबर वाचतो, जुळल्याशिवाय वीज सोडू देत नाही. त्या पिशवीवरही नंबर होता. आठ वेळा मी तो वाचला नाही. वाचायचाच नव्हता मला. मोबाइलमधला फोटो काल मोठा करून पाहिला. नंबर स्पष्ट दिसतो. ज्या कुणाची असेल त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

स्वरदाने जे केलं ते वाचून मी जेवण सोडून उठलो. तिचं चुकलं असं मला म्हणताच येत नाही, कारण ती माझ्याकडूनच हे शिकली. मीही आकडा पडायची वाटच बघत होतो. बापलेक दोन टोकांना बसून एकाच गोष्टीची वाट बघत होतो, आणि ती गोष्ट कसली, तर तिचं रक्त कमी व्हायची.

कागदावर सही केली. बदली व्हायला चार-सहा महिने लागतील. शाल्मलीला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात भांडण नाही. "येऊ का" असंही विचारलेलं नाही, येतोय एवढंच लिहिलं आहे.

होळी झाल्यावर, रविवारी सोळा तारखेला सकाळी पोचतो. त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी. प्रवास लांबचा आहे, सोमवारी कामावर डोळे मिटतील, मिटू देत.

एक विनंती आहे. तोवर स्वरदाचा आकडा कितीही असो, वर असो की खाली, कोवळ्या दोन टक्के असोत की वीस, मला कळवू नका. मला तो ऐकून यायचं नाही.

जयदीप

झाशी,
२० मार्च २०२५

चि. जयदीपराव यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही कळवू नका म्हणालात म्हणून तोंडाला कुलूप लावलं होतं. आता येऊन गेलात, तेव्हा सांगायला हरकत नाही. रविवारी आकडा एक लाख बारा हजार होता. तुम्ही आलात तेव्हा तिला प्लेटलेट्सची काडीचीही गरज नव्हती.

तुम्ही दारात दिसल्यावर तिने आधी काय केलं ते तुम्ही पाहिलंत, पण का केलं ते तुम्हाला कळलं नसेल. ती धावली नाही. तिने तुमच्या दोन्ही बाह्या वर करून कोपरं तपासली. बँडेज शोधत होती. नाही सापडलं तेव्हा तिने वळून माझ्याकडे पाहिलं. जयदीपराव, तो चेहरा बघायला मी छत्तीस वर्षं त्या लॅबमध्ये होते असं मला वाटलं.

लाडू दोन महिन्यांचे, दगडासारखे झालेले. तुम्ही दोन्ही खाल्लेत. दाढ ठीक आहे ना?

तुमचं शाल्मलीला आलेलं पत्र तिच्या पर्समध्ये त्या ब्रशाशेजारी आहे. आज डब्याला मेथी होती, पुन्हा "चुकून" जास्त. मी म्हटलं, "अगं, आज तर गुरुवार, ते गेले." तर म्हणाली, "सवय करतेय." एवढंच. सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. दोन वर्षांचा दुरावा मेथीच्या भाजीने भरत नाही. पण आडाला पाणी लागतंय असं माझ्या जुन्या डोळ्यांना वाटतं.

मोराचं पीस खिडकीबाहेरच्या गजाला बांधलंय. डॉक्टरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आणि हे ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमची ऑटो फाटकाबाहेर गेली. स्वरदा खिडकीशी उभी राहिली, नेहमीसारखी. डोळे भरलेले होते, ते लपवायचं कारण नाही. तुमच्यामागे ती झुरते आणि झुरत राहील, ते कोणत्याच मशीनने मोजता येणार नाही. पलीकडच्या बेडवरच्या मुलाची आई मऊरानीपुरची. तिने काळजीने विचारलं, "काए बिटिया, पापा आए हते? प्लेटलेट फिर गिर गई का?"

स्वरदाने डोळे पुसले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"नहीं आंटी. ऐसे ही आए थे."

तुमची,
अलकनंदामावशी